‘जात आता राहिली कुठे?’ : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

एप्रिलच्या अंकात फुले आणि आंबेडकर जयंतीच्या निमित्ताने एक टिपण छापलं होतं. जातीवर वाद घालताना ‘लोकांची मनं’ बाजूला ठेवा आणि लग्न, घर, पाणी, काम अशा तपासता येणाऱ्या गोष्टींवर बोला, एवढंच त्यात म्हटलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांपैकी काही इथे घेतली आहेत. नावं मुद्दाम वगळली आहेत. कलमांचे आकडे दिले आहेत ते वकिलाकडे जाताना हातात काहीतरी असावं म्हणून. वकिलाचं काम आम्ही करत नाही.

प्रश्न : आमच्या कट्ट्यावरचा नेहमीचा वाद. पीएमटीत शेजारी कोण बसलंय हे कुणी विचारत नाही, अमृततुल्यात कप सगळ्यांना एकच. मग जात राहिली कुठे? पुढाऱ्यांनी ती जिवंत ठेवली आहे, असं माझं मत.
– निवृत्त शिक्षक, सदाशिव पेठ

उत्तर : कप एकच झाला तो आपोआप नव्हे. हॉटेलातली भांडी वापरू न देणं हा गुन्हा आहे, हे १९५५ च्या अस्पृश्यता (गुन्हे) कायद्यात स्पष्ट लिहावं लागलं. १९७६ मध्ये तोच कायदा कडक झाला आणि त्याला नागरी हक्क संरक्षण कायदा हे नाव मिळालं. शिवाय बस आणि अमृततुल्य या अनोळखी माणसांनी अर्धा तास एकत्र काढायच्या जागा. तिथे जात विचारून कुणाचं काही अडत नाही. ती विचारली जाते ती जिथे नातं टिकायचं असतं तिथे.

डॉ. आंबेडकरांनी १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधाचा गाभा हाच आहे : जातीतल्या जातीत लग्न हे जातीचं मूळ यंत्र, बाकीचं सोवळंओवळं त्याच्या मागून येतं. तेव्हा कट्ट्यावर रविवारची पुरवणी घेऊन जा आणि स्थळांच्या जाहिराती मोठ्याने वाचा. ‘आंतरजातीय चालेल, एससी/एसटी क्षमस्व’ हे वाक्य सापडायला वेळ लागणार नाही. त्या एका ओळीत पहिल्या निम्म्यात जात सैल झालेली दिसते, दुसऱ्या निम्म्यात अस्पृश्यता जशीच्या तशी.

आकडा हवा असेल तर भारत मानव विकास सर्वेक्षणाचा घ्या. २०११-१२ मध्ये देशभरातल्या सुमारे ४२ हजार कुटुंबांत ते झालं. आधी विचारलं, तुमच्या घरात कुणी अस्पृश्यता पाळतं का? ‘नाही’ म्हणणाऱ्यांना पुढचा प्रश्न : अनुसूचित जातीची व्यक्ती तुमच्या स्वयंपाकघरात आली, तुमची भांडी वापरली, तर चालेल का? दोन्ही उत्तरं मिळून सुमारे २७ टक्के कुटुंबं अस्पृश्यता पाळत असल्याचं दिसलं. जातीबाहेरची लग्नं त्याच सर्वेक्षणात ५ टक्क्यांच्या आसपास. हे लोकांनी स्वतः, परक्या माणसासमोर दिलेलं उत्तर आहे, म्हणजे कमीच धरा.

पुढाऱ्यांचं म्हणाल, तर ते जातीचा हिशेब मांडतात यात शंका नाही. पण गावात कुठली आळी कुणाची हे पुढाऱ्यांच्या आधीपासून ठरलेलं आहे. महाराष्ट्र सरकारला जातिवाचक वस्त्यांची नावं बदलायचा निर्णय डिसेंबर २०२० मध्ये घ्यावा लागला, यावरून काय ते समजा.

प्रश्न : गीतेत ‘चातुर्वर्ण्यं मया सृष्टं गुणकर्मविभागशः’ असं स्पष्ट म्हटलं आहे. वर्ण कर्माने होता, जन्माने नव्हे. ही मूळ व्यवस्था नंतर बिघडली. हे आपण का मान्य करत नाही?
– एक वर्गणीदार, कोथरूड

उत्तर : श्लोक बरोबर आहे, चौथ्या अध्यायातला तेरावा. पण त्याच ग्रंथात पहिल्या अध्यायात वर्णसंकराची भीती सांगितली आहे, आणि तो संकर स्त्रिया ‘बिघडल्या’ की होतो असं म्हटलं आहे. वर्ण गुणांवरून ठरत असता, तर आईबापांच्या संबंधांमुळे त्याचा संकर होण्याचं कारण काय? संकराचा हा मुद्दा अर्जुनाच्या तोंडी आहे, कृष्णाच्या नव्हे, असं उत्तर येईल. मग अठरावा अध्याय काढा, तिथे कृष्णच सांगतो : परधर्म नीट आचरण्यापेक्षा स्वधर्म उणा असला तरी बरा.

ग्रंथावरून वाद घातला की तो संपत नाही, कारण दोन्ही बाजूंना श्लोक मिळतात. म्हणून व्यवहाराकडे या. काम गुणांवरून द्यायचं असेल, तर गुण तपासणारं आणि माणसाला एका खान्यातून दुसऱ्या खान्यात घालणारं कुणीतरी हवं. ती परीक्षा कोण घेत होतं? कुठल्या वयात? नापास झालेल्या पुरोहितपुत्राला कुणी चांभारकीला बसवलं? याची नोंद कुठे मिळत नाही. उलट नोंद मिळते ती वंशावळीची. १६७४ मध्ये स्वराज्य उभं करणाऱ्या राजालाही राज्याभिषेकासाठी क्षत्रिय कुळ सिद्ध करावं लागलं, आणि १९०० च्या सुमाराला कोल्हापूरच्या गादीवरच्या शाहू छत्रपतींना वेदोक्त मंत्र नाकारले गेले. राजाच्या कर्माबद्दल शंका नव्हती, तरी कागद मागितला तो जन्माचा.

महारकी वतन हे यापेक्षाही स्वच्छ उदाहरण. वेशीवर पहारा, सरकारी निरोप पोचवणं, गावच्या हद्दी दाखवणं, मेलेलं जनावर ओढणं, ही कामं घराण्याकडे. बदल्यात तुटपुंजी इनाम जमीन आणि बलुतं. कुटुंबं वाढली की जमिनीचे तुकडे होत, काम मात्र सगळ्यांवर. १८७४ च्या वतन कायद्याने या वंशपरंपरागत कामावर सरकारी शिक्का बसला. डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात दुरुस्तीचं विधेयक आणलं, ते मंजूर झालं नाही. वतन गेलं ते १९५८ च्या कायद्याने. आज साठी-सत्तरीत असलेल्या अनेकांच्या आईवडिलांनी ही ‘कर्मावर आधारलेली’ व्यवस्था भोगली आहे.

प्रश्न : जात इंग्रजांनी निर्माण केली, असं अलीकडे फार ऐकू येतं. खरं किती?
– हिंजवडी

उत्तर : अर्धवट. इंग्रजांनी जातींच्या याद्या केल्या, आणि १९०१ च्या जनगणनेत जनगणना आयुक्त रिस्ले यांनी त्या सामाजिक दर्जाच्या उतरंडीत बसवल्या. त्यामुळे जिथे थोडी हालचाल होती तिथे ती गोठली. पण चोखोबा चौदाव्या शतकातले. विठ्ठलाच्या देवळाबाहेर उभं राहावं लागल्याची त्यांची तक्रार ईस्ट इंडिया कंपनीच्या जन्माआधी अडीचशे वर्षांची आहे.

प्रश्न : पुणे करार आमच्या येरवड्यातच झाला, पण त्यावर वर्गात बोलणं निघालं की एकाच वेळी तीन-चार वेगवेगळ्या गोष्टी सांगितल्या जातात. ‘आंबेडकरांनी आरक्षण दहाच वर्षांसाठी ठेवलं होतं’ हे त्या करारातलं का?
– बी.ए.ची विद्यार्थिनी, येरवडा

उत्तर : नाही, आणि ही गल्लत फार पसरलेली आहे. आधी करार.

ऑगस्ट १९३२ मध्ये ब्रिटिश पंतप्रधान मॅकडोनाल्ड यांनी जातीय निवाडा जाहीर केला. त्यात अस्पृश्य वर्गाला प्रांतिक कायदेमंडळांत ७१ जागा आणि त्यांच्यासाठी स्वतंत्र मतदारसंघ होते. शिवाय सर्वसाधारण मतदारसंघातही मत. म्हणजे दोन मतं. गांधीजींनी येरवडा तुरुंगात २० सप्टेंबरला उपोषण सुरू केलं, २४ सप्टेंबरला करारावर सह्या झाल्या, २६ ला उपोषण सुटलं. करारावर डॉ. आंबेडकरांची सही आहे, सवर्णांच्या बाजूने पं. मदनमोहन मालवीय आणि इतरांची. गांधीजींची सही नाही. परीक्षेत इथे हमखास चूक होते.

करारानंतर ७१ च्या १४८ जागा झाल्या, आणि केंद्रीय कायदेमंडळात ब्रिटिश हिंदुस्थानातल्या सर्वसाधारण जागांपैकी १८ टक्के. स्वतंत्र मतदारसंघ गेले. त्या जागी दोन टप्प्यांची निवडणूक आली : आधी फक्त अस्पृश्य मतदारांनी दर जागेसाठी चार उमेदवार निवडायचे, मग त्या चौघांतून एक सगळ्यांनी मिळून. जागा दुपटीहून वाढल्या, हे करार चांगला म्हणणारे सांगतात. पण शेवटचा कौल बहुसंख्य सवर्ण मतदारांच्या हाती गेला, आणि चौघांत जो त्यांना कमी खुपेल तो निवडून येऊ लागला. डॉ. आंबेडकरांची पुढची नाराजी याच बाबीवर होती. वादात दोन्ही गोष्टी एकत्र मांडल्या नाहीत तर ते भाषण प्रचाराचं होतं. सरकारी नोकऱ्यांबद्दल करारात शैक्षणिक पात्रता धरून योग्य प्रतिनिधित्व देण्याचा प्रयत्न व्हावा, इतकंच आहे, टक्केवारी नाही.

आता दहा वर्षं. करारात दहा वर्षांची मुदत आहे, पण ती पहिल्या टप्प्यातल्या त्या चार उमेदवारांच्या निवडणुकीला. संविधानात दहा वर्षं आहेत ती कलम ३३४ मध्ये, आणि ती लोकसभा व विधानसभांतल्या राखीव जागांना. दर दहा वर्षांनी घटनादुरुस्ती करून ती मुदत संसदेने वाढवली. १०४ व्या दुरुस्तीने ती २०३० पर्यंत नेली. नोकऱ्यांचं आरक्षण कलम १६(४) मध्ये आणि शिक्षणाचं १५(४) मध्ये, जे १९५१ च्या पहिल्या दुरुस्तीने आलं. या दोन्ही कलमांत मुदतीचा एक शब्द नाही. समोरच्याला वाद न घालता कलम ३३४ वाचून दाखवायला सांगा. बहुतेक वेळा तिथेच विषय बदलतो.

प्रश्न : पार्किंगवरून भांडण झालं आणि शेजाऱ्याने सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जातीवरून लिहिलं, नंतर खाली गेटपाशीही बोलला. चौकीत ‘आपसात मिटवा’ म्हणतात. ॲट्रॉसिटी लागते का?
– आयटीतला नोकरदार, वाकड

उत्तर : ॲट्रॉसिटी म्हणजे १९८९ चा अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा. त्यातली इथे लागू होणारी पोटकलमं दोन. कलम ३(१)(आर) : अपमान करण्याच्या हेतूने लोकांच्या नजरेसमोर हिणवणं किंवा धमकावणं. कलम ३(१)(एस) : लोकांच्या नजरेसमोर जातीच्या नावाने शिवी देणं. दोन्हींना सहा महिने ते पाच वर्षं कैद आणि दंड. तक्रारदार अनुसूचित जातीचा किंवा जमातीचा हवा, आरोपी यांपैकी नसावा.

सगळा खेळ ‘लोकांच्या नजरेसमोर’ या शब्दांवर आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्वर्णसिंग प्रकरणात सांगितलं की जागा खासगी असली तरी बाहेरच्यांना दिसत-ऐकू येत असेल तर ती नजरेसमोरच. तिथली घटनाही एका इमारतीच्या फाटकापाशीच घडलेली होती. २०२० च्या हितेश वर्मा प्रकरणात घराच्या चार भिंतींच्या आत, बाहेरचं कुणी नसताना झालेलं बोलणं यात बसत नाही, असं ठरलं. तुमचं गेट पहिल्या प्रकारात येतं, वॉचमन आणि येणारेजाणारे असतील तर नक्कीच. ग्रुपबद्दल : केरळ उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये इंटरनेटवर टाकलेली जातिवाचक निंदा लोकांच्या नजरेसमोर धरली. शे-दीडशे सदस्यांच्या ग्रुपला तोच न्याय लागावा असं आम्हाला वाटतं. दोघांतल्या खासगी निरोपाला तो लावणं कठीण.

अशा तक्रारी कशामुळे कोसळतात ते नीट पाहा. पहिलं कारण, एफआयआरमध्ये ‘जातिवाचक शिवीगाळ केली’ एवढंच लिहिलेलं असतं. नेमके शब्द लिहवून घ्या, कितीही घाणेरडे असले तरी, आरोपीच्या तोंडचे जसेच्या तसे. दुसरं, दोघांच्या जातींचा उल्लेखच नसतो. स्वतःचं जात प्रमाणपत्र जोडा आणि आरोपीची जात माहीत असेल तर ती लिहा. तिसरं, साक्षीदार फक्त घरचे असतात. वॉचमन, इस्त्रीवाला, गाडी काढणारा शेजारी यांची नावं त्याच दिवशी टिपा. चौथं, उशीर. दोन-तीन दिवस गेले असतील तर कारण तक्रारीतच लिहा, ‘सोसायटीच्या बैठकीत मिटवण्याचा प्रयत्न चालू होता’ हेही कारणच आहे. पाचवं, नुसते स्क्रीनशॉट. चॅट एक्स्पोर्ट करून ठेवा, फोन बदलू किंवा फॉरमॅट करू नका, आणि कोर्टात भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागेल हे वकिलाला आधीच सांगा.

‘मला त्याची जातच माहीत नव्हती’ हा बचाव नेहमी येतो. कलम ८ नुसार आरोपीची तुमच्याशी किंवा कुटुंबाशी वैयक्तिक ओळख असेल तर जात माहीत होती असं गृहीत धरलं जातं. उलट सिद्ध करणं त्याच्याकडे.

चौकीचं म्हणाल तर २०१८ मध्ये आलेल्या कलम १८-अ नुसार एफआयआर नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची गरज नाही. तक्रार घेत नसतील तर ती लेखी, टपालाने पोलीस उपायुक्तांना पाठवा (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम १७३), पोच जपून ठेवा, त्यानंतर न्यायालय. कर्तव्यात जाणूनबुजून कसूर करणाऱ्या लोकसेवकासाठी अत्याचार कायद्यातच कलम ४ आहे. त्याचा नुसता उल्लेख लेखी अर्जात असला तरी अर्जाकडे लक्ष जातं. तपास पुण्यासारख्या आयुक्तालयात सहायक पोलीस आयुक्त दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा, ६० दिवसांत. फौजदाराने केलेला तपास हे पुढे आरोपीच्या वकिलाचं आवडतं हत्यार ठरतं. जामिनाच्या सुनावणीची सूचना मिळण्याचा आणि तिथे बाजू मांडण्याचा हक्क तुम्हाला कलम १५-अ ने आहे. शासनाची आर्थिक मदत एफआयआर, दोषारोपपत्र आणि निकाल अशा टप्प्यांनी येते. मदतीसाठी राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६६.

प्रश्न : एजंट फोनवर आडनाव विचारतो आणि दुसऱ्या दिवशी ‘फ्लॅट गेला’ म्हणतो. तोच फ्लॅट ॲपवर पुढे तीन आठवडे दिसतो. करायचं काय?
– भाडेकरू, कर्वेनगर

उत्तर : नागरी हक्क संरक्षण कायद्याच्या कलम ४ मध्ये कुठल्याही वस्तीत राहण्याची जागा मिळवणं आणि तिथे राहणं याला अस्पृश्यतेच्या कारणाने आडकाठी करणं हा गुन्हा आहे, आणि कलम ७ घर भाड्याने न देणं बहिष्कारात धरतं. कलम १२ चा फायदा मोठा : तक्रारदार अनुसूचित जातीचा असेल तर कृत्य अस्पृश्यतेच्या कारणानेच झालं असं न्यायालय गृहीत धरतं, आरोपीने उलट सिद्ध करेपर्यंत. शिक्षा मात्र एक ते सहा महिने आणि दंड १०० ते ५०० रुपये. १९७६ चे पाचशे रुपये आजही पाचशेच आहेत!

अडचण पुराव्याची. ‘फक्त शाकाहारी’, ‘फक्त फॅमिली’ ही आडोशाची भाषा आहे. म्हणून फोनवर बोलणं झालं की लगेच मेसेज करा : ‘आज आपण सांगितलंत की फ्लॅट दिला गेला. बरोबर ना?’ उत्तराचा आणि ॲपवरच्या जाहिरातीचा तारीख-वेळेसह स्क्रीनशॉट घ्या. वेगळ्या आडनावाच्या मित्राने त्याच आठवड्यात चौकशी केली आणि त्याला फ्लॅट दाखवला, तर ती सगळ्यात बळकट साक्ष.

फ्लॅट विकत घेताना सोसायटी सभासदत्व अडवत असेल तर वाट सोपी आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम २२ नुसार अर्जावर तीन महिन्यांत निर्णय कळवला नाही तर सभासदत्व मिळालं असं मानलं जातं. नाकारलं तर उपनिबंधकांकडे दाद मागा.

प्रश्न : आमच्या सोसायटीला महापालिकेची ड्रेनेज लाइन नाही, सेप्टिक टाकी आहे. ठेकेदाराची माणसं आत उतरून साफ करतात. ‘जबाबदारी आमची’ असं तो लिहून देतो. तेवढं पुरे का? आणि याचा जातीशी काय संबंध?
– सोसायटीचे सचिव, उंड्री

उत्तर : पुरे नाही. ते काम आजच थांबवा.

हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याच्या कलम ७ ने कुणाही व्यक्तीला, संस्थेला, प्रत्यक्ष किंवा ठेकेदारामार्फत, संरक्षणाशिवाय माणूस गटारात किंवा सेप्टिक टाकीत उतरवायला बंदी आहे. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, पुढच्याला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. ठेकेदाराचा कागद तुम्हाला फौजदारी जबाबदारीतून सोडवत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख केली.

माणसं मरतात कशी, तेही समितीच्या बैठकीत वाचून दाखवा. टाकीत हायड्रोजन सल्फाइड, मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड साठतात, प्राणवायू कमी असतो. झाकण उघडून तासभर ठेवलं की वायू गेला असं समजतात. पण हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड, तळाशी बसतो, आणि गाळात विरघळलेला वायू गाळ ढवळल्यावर, म्हणजे माणूस आत गेल्यावरच सुटतो. कुजक्या अंड्याचा वास येतो तोवर सावध राहता येतं. प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं आणि ‘वास गेला’ म्हणून माणूस आणखी खाली उतरतो. पहिला कोसळला की दुसरा त्याला काढायला उतरतो, मग तिसरा. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा कापडी मास्क वायू अडवत नाही. आणि वायू आहे का बघायला काडी पेटवून टाकणं मिथेनमुळे स्फोटाला आमंत्रण.

करायचं ते असं. सक्शन टँकर मागवा. ठेकेदाराच्या करारात ‘कुठल्याही कारणाने माणूस आत उतरणार नाही’ हे वाक्य घाला. गाळ घट्ट झाला असेल तर आधी पाण्याचा दाब मारून तो सैल करायला सांगा. ‘शेवटचा थर हातानेच काढावा लागतो’ हे वाक्य ठेकेदाराच्या तोंडून आलं की समजा, टाकी वेळेवर उपसली जात नाही. साधारण दोन-तीन वर्षांनी उपसा ठेवला तर तो थर दगडासारखा होत नाही. झाकणापाशी समितीचा एक माणूस उभा ठेवा. सफाईच्या तक्रारीसाठी १४४२० हा क्रमांक आहे.

जातीचा संबंध : केंद्र सरकारच्या ‘नमस्ते’ योजनेत २०२४ पर्यंत नोंदलेल्या गटार आणि सेप्टिक टाकी कामगारांत ९० टक्क्यांहून अधिक अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसी निघाले, त्यात अनुसूचित जातींचा वाटा सर्वांत मोठा. काम यंत्राने होऊ शकतं, यंत्र भाड्याने मिळतं, तरी माणूस उतरवला जातो, कारण तो स्वस्तात मिळतो. तो स्वस्तात का मिळतो, हाच तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग.

प्रश्न : कामवाल्या मावशींचा कप वेगळा ठेवते, पण फक्त स्वच्छतेसाठी. यात जात कुठे आली?
– गृहिणी, औंध

उत्तर : सर्दी झालेल्या नणंदेचा कपही वेगळा ठेवता का? ठेवत असाल तर स्वच्छता. मावशींनी घासलेल्याच कपातून तुम्ही चहा पिता, हेही एकदा लक्षात घ्या.

प्रश्न : मुलगी आमच्या जातीबाहेर, बौद्ध मुलाशी लग्न करते आहे. आम्हा दोघांची हरकत नाही, पण चुलते तापले आहेत. आळंदीला जाऊन उरकावं की कोर्टात? मुलांची जात कुठली लागेल?
– एक आई, हडपसर

उत्तर : ताई, दोन्ही मार्ग खुले आहेत, फरक वेळेचा आणि गुप्ततेचा आहे.

विशेष विवाह कायदा, १९५४ : दोघांपैकी एकाचं त्या जिल्ह्यात ३० दिवस वास्तव्य हवं. नोटीस दिल्यावर ती कार्यालयात लागते, ३० दिवस हरकतींसाठी, आणि नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत लग्न, तीन साक्षीदारांसमोर. हरकत घेता येते ती वय, आधीचं लग्न, जवळचं नातं, मानसिक क्षमता अशा कारणांवरच. जात हे कारण नाही. पण नोटीस कुणीही वाचू शकतं, आणि चुलत्यांना बातमी बहुतेक तिथूनच कळते.

हिंदू विवाह कायदा, १९५५ : यात बौद्धही येतात, त्यामुळे हा मार्ग तुम्हाला मोकळा आहे. नोटीस नाही. दोघांपैकी कुणाच्याही रिवाजाप्रमाणे विधी करा, मग नोंदणी. आळंदीच्या घाईत होणारी चूक इथली : विधी न करता नुसतं ‘सर्टिफिकेट’ घेतात. विधीच झाला नसेल तर नोंदणीने लग्न सिद्ध होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये सांगितलं आहे. विधीचे फोटो, भटजी किंवा भन्ते यांचं नाव, साक्षीदारांचे पत्ते जपून ठेवा.

चुलत्यांसाठी : मुलीने लग्नाआधीच जवळच्या ठाण्यात वयाचा पुरावा जोडून लेखी अर्ज द्यावा की मी सज्ञान आहे, स्वखुशीने लग्न करते आहे, अमुक नातेवाइकांकडून धोका वाटतो. पोच घ्यावी. नंतर कुणी ‘पळवून नेलं’ अशी तक्रार केली की हा कागद कामाला येतो. सज्ञान जोडप्याच्या लग्नात जमावाने किंवा जातपंचायतीने पडणं बेकायदा आहे आणि अशा जोडप्यांसाठी जिल्ह्यात विशेष कक्ष असावा, असा सर्वोच्च न्यायालयाचा मार्च २०१८ चा शक्तिवाहिनी निकाल आहे. चुलत्यांनी जातीत वाळीत टाकलं तर महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा (२०१६ चा, जुलै २०१७ पासून लागू) आहे : तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड.

मुलीची जात लग्नाने बदलत नाही. नातवंडांची जात सहसा वडिलांची धरतात, पण सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२ च्या निकालाने ती पक्की भिंत राहिली नाही. मूल कुठल्या समाजात वाढलं, काय सोसलं, हे पाहिलं जातं. तुमच्या बाबतीत वडीलच अनुसूचित जातीचे असल्याने हा पेच येणार नाही. जावयाच्या कागदांवर जात नीट लावलेली आहे ना, ते मात्र आत्ताच पाहा. पुढे पडताळणीत अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० आधीचा पुरावा मागतात.

राज्याचं ५० हजारांचं अनुदान मिळतं. अर्ज जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण कार्यालयात. विवाह नोंदणी, दोघांचे शाळा सोडल्याचे आणि जातीचे दाखले, संयुक्त बँक खातं तयार ठेवा. मराठा आणि ओबीसी अशा जोडप्याला ते मिळत नाही, एक बाजू अनुसूचित जाती, जमाती, विमुक्त-भटकी किंवा विशेष मागास प्रवर्गातली लागते.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयात वादविवाद स्पर्धेचा विषय ठेवायचा आहे : ‘अस्पृश्यता कायद्याने संपली.’ दोन्ही बाजूंना पुरेसं साहित्य आहे का?
– प्राध्यापक, शिवाजीनगर

उत्तर : भरपूर. अनुकूल बाजूला अस्पृश्यता नष्ट करणारं संविधानाचं कलम १७ आणि पर्वती. १३ ऑक्टोबर १९२९ ला शिवराम जानबा कांबळे, पां. ना. राजभोज यांच्या पुढाकाराने पर्वतीच्या देवळात प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला, सत्याग्रहींवर दगड पडले. न. वि. गाडगीळ, एस. एम. जोशी यांच्यासारखे सवर्ण तरुण सोबत होते, तरी मनपरिवर्तनाने दार उघडलं नाही. मुंबई प्रांताचा मंदिरप्रवेशाचा कायदा आला १९४७ मध्ये. आज त्या पायऱ्यांवर जात विचारणारा कुणी नाही.

प्रतिकूल बाजूला महाड. सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा बोले ठराव मुंबई कायदेमंडळात ४ ऑगस्ट १९२३ ला झाला, १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागद पूर्ण होता. पाण्याला हात लावायला २० मार्च १९२७ उजाडला, त्याबद्दल मार खावा लागला, तळ्याचं गोमूत्राने ‘शुद्धीकरण’ झालं, नगरपालिकेने ठराव मागे घेतला, आणि खटल्याचा शेवट उच्च न्यायालयात झाला तो मार्च १९३७ मध्ये. ठरावापासून निकालापर्यंत साडेतेरा वर्षं. याच्या उलट, कुठल्याही ठरावाची वाट न पाहता जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद १८६८ मध्येच खुला केला होता. गंज पेठेतला तो वाडा तुमच्या महाविद्यालयापासून अर्ध्या तासावर आहे. मुलांना स्पर्धेआधी नेऊन आणा.

आयोजक म्हणून एक काळजी घ्या. ‘अस्पृश्यतेला त्या काळी कारण होतं’ अशा वळणाची भाषणं होऊ देऊ नका. नागरी हक्क संरक्षण कायद्याच्या कलम ७ खाली ऐतिहासिक, तात्त्विक किंवा धार्मिक आधारावर अस्पृश्यतेचं समर्थन करणं हे चिथावणी धरलं जातं. नियमावलीत ते लेखी घाला आणि परीक्षकांनाही आधी वाचायला द्या. ‘संपली की नाही’ हा वादाचा विषय होऊ शकतो, ‘योग्य होती का’ हा नाही.